गुडघेदुखीवर गुणकारी, तोडू नये

तीर्थरूप काकांना,

मधल्या पुतण्याचा नमस्कार. वाकून केला आहे असं समजावं.

तुमची तब्येत उत्तम असेलच. (ती नेहमी उत्तमच असते. दोन वर्षांपूर्वी जिन्यावरून पडून हात मोडला होता तेव्हाही फोनवर तुम्ही ‘उत्तम’ म्हणाला होतात, आणि प्लास्टरचं आम्हाला काकूंकडून चौथ्या दिवशी कळलं.) काकूंचा खोकला थांबला का? त्यांना म्हणावं, काकांनी सुचवलेलं काहीही घेण्यापूर्वी एकदा डॉक्टरांना विचारा. हे मी उगाच म्हणत नाही, पुढं वाचल्यावर लक्षात येईल. आमच्याकडे सगळे आपापल्या जागी ठीक आहेत. हिला शाळेच्या तपासणीचं काम आहे, धाकटी दातांना तार लावून घेतल्यापासून कुणाशी बोलत नाही, आणि मी सकाळी उठतो, डोंगर चढतो, मोजतो, उतरतो, आणि कमी झालेला आकडा वहीत लिहितो. एवढंच चाललं आहे.

हे पत्र काही मागायला लिहिलेलं नाही, हे आधीच स्पष्ट करतो. मन मोकळं करायला लिहितो आहे. घरात करू गेलो तर ही म्हणते की मला हे तोंडपाठ झालं आहे, कार्यालयात करू गेलो तर मॅडम म्हणतात लेखी द्या. तेव्हा लेखीच द्यायचं तर निदान आपल्या माणसाला द्यावं.

तुम्ही चारचौघांत माझी ओळख ‘हा बागेत कामाला असतो’ अशी करून देता. त्यामुळे कुठल्याही समारंभात मला जेवू न देता लोक त्यांच्या गुलाबाच्या पानांना भोकं का पडतात ते विचारतात. गुलाबाचं मला काहीही कळत नाही. आमचं वनस्पती उद्यान आहे, त्याच्या मागं एक खडकाळ डोंगर आहे, आणि त्या डोंगराच्या एका उतारावर अशी काही झाडंझुडपं आहेत जी आमच्या माहितीप्रमाणे दुसरीकडे कुठंच उरलेली नाहीत. ती दर वर्षी मोजायची, वाढली की का वाढली आणि घटली की का घटली ते लिहायचं, आणि वर पाठवायचं, हे माझं बारा वर्षांचं काम. (वर म्हणजे नक्की कुठं, ते मला बारा वर्षांत समजलेलं नाही. तिथून उत्तर येत नाही, फक्त नवा तक्ता येतो.)

त्यातली एक वनस्पती आहे. शास्त्रीय नाव तुम्हाला सांगण्यात अर्थ नाही, मलाही ते बघूनच लिहावं लागतं. आम्ही तिला मुकी म्हणायचो, कारण तिला वास नाही, चव नाही, रंग म्हणावा तर वाळक्या गवताचा. वीतभर उंची. फूल मोहरीच्या दाण्याएवढं, तेही दोन वर्षांतून एकदा, आणि तेव्हा आपण रजेवर असलो तर हुकलंच. शेळी तिला तोंड लावत नाही. मी एकदा पान चावून पाहिलं होतं, तर कागद चघळल्यासारखं वाटलं. कुंडीत लावली तर महिन्याभरात मान टाकते. बियांचं एक पाकीट आमच्या थंड कपाटात आहे. त्यातल्या तीस बिया रुजत घातल्या तेव्हा एक उगवली, तिचा आम्ही दोन महिने सांभाळ केला, आणि ते तण निघालं. म्हणजे मुकी जगायची ती त्या उतारावरच, आणि तिथं ती कशी जगते ते अजून कुणाला उलगडलेलं नाही. पहिल्या वर्षी मी मोजली तेव्हा दोनशे बारा होत्या. मला ती आवडते, काका. कारण विचारू नका. बारा वर्षं एखाद्याला रोज भेटलं की आवडायला लागतं, तसंच असेल.

दीड वर्षापूर्वी वरून नवा तक्ता आला. या वेळी तो संगणकावर भरायचा होता. ज्या वनस्पतींचा तक्ता पूर्ण भरला जाईल त्यांना कुंपण, राखणदार आणि पाण्याची टाकी. ज्यांचा अपुरा राहील त्यांचं नाव यादीतून वगळलं जाईल. मी मुकीचा तक्ता भरायला बसलो. उंची भरली, संख्या भरली, उतार कुठल्या दिशेला आहे तेही भरलं. शेवटी रकाना आला : ‘मानवी उपयोग’. मी लिहिलं, ‘नाही’. संगणक पुढं जाईना. ‘माहीत नाही’ लिहिलं, तरी जाईना. मॅडमना बोलावलं. त्यांनीही दोनदा दाबून पाहिलं आणि म्हणाल्या की रकाना रिकामा चालणार नाही आणि नकारार्थीही चालणार नाही, अन्न, औषध, इंधन, दोर, रंग यातलं काहीतरी लिहा, आणि साडेपाचला तक्ता बंद होतोय. तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. (जगातल्या प्रत्येक वनस्पतीनं आपण माणसाच्या काय कामाला येतो हे साडेपाचच्या आत सांगावं, असं ज्यानं ठरवलं तो स्वतः कुणाच्या काय कामाला येतो, हे मला त्याला एकदा भेटून विचारायचं आहे.)

अशा वेळी आपल्या घराण्यात काय करतात हे तुम्हाला माहीत आहे. तुम्हाला फोन करतात. तुम्ही तीस वर्षं दुकानादुकानांतून वजनंमापं तपासलीत, पाच ग्रॅमच्या चोरीसाठी भल्याभल्यांना घाम फोडलात, आणि घरी आल्यावर कुणी काहीही विचारलं तर न मोजता उत्तर दिलंत. ‘माहीत नाही’ हे शब्द तुमच्या तोंडून मी कधी ऐकलेले नाहीत. लहानपणी मी तुम्हाला विचारलं होतं की मुंग्या झोपतात का, तेव्हा तुम्ही वर्तमानपत्रावरून नजर न काढता ‘मंगळवारी’ म्हणाला होतात, आणि मी ते शाळेत सांगितलं होतं.

तर मी फोन केला. वीतभर उंच, बारीक पान, खडकावर उगवणारी, कशावर चालते? मला आठवतं, तुम्ही क्षणभरसुद्धा थांबला नाहीत. ‘गुडघे. मूळ उगाळून लेप. चाळीस दिवस,’ म्हणालात, आणि विचारलंत की एवढंच ना, मी शब्दकोडं सोडवतोय. (काकूंनी नंतर सांगितलं की त्या वेळी त्या तुमच्या गुडघ्याला तेल चोळत होत्या. म्हणजे मी पाच मिनिटं उशिरा फोन केला असता तर मुकी कदाचित खांदेदुखीवर गेली असती.) मी तेच टंकलं : ‘औषध. गुडघेदुखीवर. स्रोत : परंपरागत ज्ञान बाळगणारे एक वयोवृद्ध गृहस्थ.’ संगणकानं ते निमूटपणे घेतलं. साडेपाचला चार मिनिटं कमी होती आणि मला वाटलं, सुटलो.

चार महिन्यांनी कुंपण आलं. टाकी आली. राखणदार आला, अगदी सज्जन माणूस, फक्त त्याची पाळी दुपारी एक ते पाच आणि बाकीचे तास ज्याचे त्यानं बघून घ्यायचे. आणि त्याबरोबर एक फलक आला. फलकाचा मजकूर वरूनच ठरून आला होता. रंगाऱ्यानं पहिली ओळ मोठ्या अक्षरात काढली : ‘दुर्मीळ वनस्पती’. दुसरी त्याहून मोठ्या अक्षरात : ‘गुडघेदुखीवर गुणकारी’. तोवर फळी संपत आली होती, म्हणून ‘तोडू नये’ त्यानं खाली कोपऱ्यात, जिथं रंगारी आपली सही करतात तिथं बसवलं. शिवाय मॅडमच्या सूचनेवरून एक बाण काढला, डोंगराकडे. मी रंगाऱ्याला विचारलं की बाण कशाला, तर तो म्हणाला लोकांना सापडायला नको का.

लोकांना सापडलं. पहिल्या आठवड्यात एक निवृत्त चित्रकलाशिक्षक काठी टेकत आले. मी त्यांना अदबीनं समजावलं की ही फक्त बघायची आहे. त्यांनी बघितली, अगदी जवळून बघितली, आणि ते गेल्यावर मी मोजलं तर दोन कमी. नंतर सकाळी फिरायला येणारे आले, मग त्यांना ओळखणारे, मग एका रविवारी बस. काका, आपल्या गावात इतके गुडघे आहेत हे मला तोवर ठाऊक नव्हतं. जिना चढताना कुरकुरणारे, बसल्यावर न उठणारे, उठल्यावर न वाकणारे, सगळे त्या उतारावर मात्र बकरीच्या चपळाईनं चढत होते. कुंपण कमरेएवढं होतं. ते ओलांडणाऱ्या एका बाईंना मी विचारलं की तुम्हाला इतकं करता येतंय तर औषध कशाला, तर त्या म्हणाल्या, ‘उतरताना दुखतो हो.’

खरा घात काठ्यांनी केला. मुकीचं मूळ खडकाच्या फटीत असतं, ओढायला दोन्ही हात लागतात. लोक काठी बाजूला ठेवायचे, मूळ उपटायचे, राखणदाराची शिट्टी ऐकली की पळायचे, आणि काठी वरच राहायची. महिन्याभरात कुंपणापाशी चौदा काठ्या जमल्या. नवा माणूस वर यायचा, त्या चौदा काठ्या बघायचा, आणि त्याची खात्री पटायची की चौदा जण इथं काठीवर आले आणि स्वतःच्या पायांवर गेले. मी काठ्या उचलून कार्यालयात आणून ठेवल्या, तर बातमी पसरली की बरे झालेल्यांची नोंद आता कार्यालयात ठेवतात. कुणीतरी मुकीला ‘गुडघी’ म्हणायला सुरुवात केली. तिला लोकांत चालणारं नाव नव्हतं, हेही मी एका जुन्या अहवालात उणीव म्हणून लिहिलं होतं.

मला राग येतो असं मात्र समजू नका. आधी यायचा. मग एका दुपारी फटीत हात घालून बसलेल्या एका वयस्क बाईंना मी मागून दरडावलं आणि त्या वळल्या तर माझ्या सासूबाई. पर्समध्ये रुमालात गुंडाळलेली तीन मुळं. मला बघून त्या जराही ओशाळल्या नाहीत. म्हणाल्या, ‘जावई खात्यात असून मला रांगेत यावं लागलं.’ मग खाली उतरताना त्यांनी माझा दंड धरला आणि प्रत्येक पायरीला तो घट्ट आवळला. रात्री कूस बदलायची तर उठून बसून बदलावी लागते, हे त्यांनी मला त्या दिवशी सांगितलं; हिलाही सांगितलं नव्हतं. काका, ढोंग कुणीच करत नव्हतं. सगळ्यांचे गुडघे खरंच दुखत होते. खोटं होतं ते एकच वाक्य, आणि ते मी टंकलं होतं. ती तीन मुळं मी जप्त केली नाहीत. एकशे अठराच्या एकशे पंधरा झाल्या आणि कारणाच्या जागी मी ‘रानडुक्कर’ लिहिलं.

उपाय सगळे करून झाले. फलक काढला, तर लोक म्हणाले साहेबलोकांसाठी राखून ठेवायला लागले. ‘ही वनस्पती गुणकारी नाही’ असा नवा फलक लावला, तर म्हणाले संपत आली म्हणून आता असं बोलतात. शेवटी मीच एक शक्कल लढवली, आणि ती माझी आहे हे कृपया घरात कुणाला सांगू नका. जुना बाण परत लावला, पण तोंड डोंगराच्या दुसऱ्या बाजूला करून, जिथं एक खाजरं तण रान माजल्यासारखं पसरलं आहे. लोक तिकडे वळले. तीन आठवडे मुकीला कुणी हात लावला नाही आणि मी बऱ्याच दिवसांनी जेवणाच्या सुट्टीत जेवलो. मग कार्यालयात आभाराची पत्रं यायला लागली, की त्या खाजऱ्या तणानं गुडघे हलके झाले. (रोज डोंगर चढून उतरून झाले असतील, पण तसं कुणाला सांगायला गेलं तर फी न घेतलेल्या डॉक्टरसारखी आपली किंमत होते.) पाठोपाठ कोपरापर्यंत पुरळ आलेल्यांच्या तक्रारीही आल्या. आणि त्यानंतर ते तणही विरळ व्हायला लागलं, तेव्हा मॅडम म्हणाल्या, त्याचाही तक्ता उघडा. मी उघडला. ‘मानवी उपयोग’ या रकान्यात मला या वेळी क्षणभरही विचार करावा लागला नाही.

तण कमी झालं तशी माणसं पुन्हा मुकीकडे आली. आज सकाळी मोजल्या. नऊ आहेत. पहिल्या दहा-अकरा वर्षांत दोनशे बाराच्या एकशे नव्वद झाल्या होत्या त्या वाऱ्यानं, उन्हानं आणि रानडुकरांनी, म्हणजे खऱ्या रानडुकरांनी. एकशे नव्वदच्या नऊ झाल्या त्या माझ्यामुळे आणि थोड्या तुमच्यामुळे. तुमचा दोष मी काढत नाही. तुम्हाला विचारलं, तुम्ही सांगितलंत, तुमचा स्वभावच आहे तो. मी मात्र शिकलेला माणूस होतो, आणि ज्या झाडाला वाचवायचं होतं त्याचा मीच उपयोग सांगून बसलो. रोज वर जाताना मनात एकच असतं की आज आठ नसोत.

असो. तुम्हाला शब्दकोड्याच्या वेळी फार अडकवलं. काकूंना नमस्कार. तुम्ही दोघं जिन्यावरून सावकाश चढा-उतरा.

तुमचा,
मधला

ता.क. मुद्द्याचं राहिलंच. वरून चौकशी समिती येते आहे, येत्या सोमवारी अकरा वाजता. त्यांना ते ‘परंपरागत ज्ञान बाळगणारे वयोवृद्ध गृहस्थ’ समक्ष हवे आहेत. मी म्हणालो की ते फार लांब राहतात आणि प्रकृती नाजूक असते, तर त्यांनी गाडी पाठवायची तयारी दाखवली. गाडी तुमच्या दारात रविवारी दुपारी येईल. काकूंना सांगायची गरज पडणार नाही, मी त्यांना आत्ताच फोन केला आहे. त्यांनी तुमचा इस्त्रीचा सदरा काढून ठेवला आहे आणि ‘बरी जिरली’ एवढंच म्हणाल्या.

ता.क. २. समितीपुढे खरं बोलायचं असं मनात आणू नका. मीही दोन रात्री तोच विचार केला होता. पण ते शब्दकोडं सोडवता सोडवता बोललो होतो, असं तुम्ही सांगितलंत तर त्या रकान्यात पुन्हा ‘नाही’ येईल, तक्ता अपुरा ठरेल, मुकीचं नाव यादीतून जाईल आणि त्याबरोबर कुंपण, टाकी आणि एक ते पाचचा राखणदारही. तेव्हा कृपा करून पुन्हा एकदा तसंच बोला, न थांबता. सांगा, की हे औषध जिवंत झाडाचंच आहे. चाळीस दिवस वर चढून यायचं, झाडापाशी पाच मिनिटं बसायचं, आणि उतरायचं. हात लावला की गुण जातो. उपटलं तर दुखणं दुसऱ्या गुडघ्यात उतरतं. हे शेवटचं जरा दरडावून सांगा, दुकानदारांना सांगायचात तसं. समितीचे अध्यक्ष सत्तरीचे आहेत आणि गेल्या खेपेला माझ्या खांद्यावर हात ठेवून चढले होते. ते ऐकतील. मी सांगितलं तर कुणी ऐकणार नाही, मी तर शास्त्रीय माहिती देतो.

ता.क. ३. वरचं पत्र पाकिटात घालून झालं होतं, परत काढलं. राखणदार आत्ताच येऊन गेला. आठ आहेत. कुणीतरी पळताना एक वाटेवर टाकून दिली, मुळासकट, ती त्यानं माझ्या टेबलावर आणून ठेवली आहे. परत लावून उपयोग नसतो, ती जगत नाही, सहा वेळा करून पाहिलं आहे. काका, गेले चार महिने दिवसातून तीनदा डोंगर चढतो-उतरतो आहे आणि माझा उजवा गुडघा बसल्यावर उठू देत नाही. कुणाला बोललेलो नाही, कुठल्या तोंडानं बोलणार? तेव्हा हे एक मला एकट्याला कळवा, सोमवारच्या आधी, शक्यतो फोननं. त्या दिवशी तुम्ही ते नुसतंच बोलला होतात, की खरंच कुठंतरी ऐकलं होतंत? मूळ उगाळून ठेवलं आहे. अजून लावलेलं नाही.